घाबरू नका, बारावी ओळ बघा

आता तुम्हीच सांगा, प्रोग्रॅममधली एक साधी चूक कळवायला तुम्ही किराणा दुकानात फोन केलात आणि पलीकडचा माणूस एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "किती वाजता झालं?" तर तुम्हाला काही खटकेल की नाही?

मला खटकलं. पण मी मूळची घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, आणि व्हायला हवी तेव्हा झाली नाही तर त्याहून जास्त दचकते. दिवसाकाठी इतक्या गोष्टी खटकतात की त्यातली खरी कुठली हे निवडणं मी सोडून दिलं होतं. ती एक तेवढी खरी निघाली.

पण असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगते. पहिल्यापासून सांगायची सवय मला त्या दिवसानंतरच लागली.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बी.एस्सी. होऊन मी आळेफाट्याला कुंदा मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. क्लास म्हणजे ट्रकच्या गॅरेजवरची एक खोली. खाली दिवसभर हातोड्याचे घाव, आणि वर आम्ही चपला बाहेर काढून देवघरात शिरावं तसे पाय न वाजवता शिरणार. काम झालं की प्रत्येक कॉम्प्युटरवर मॅडमनी शिवून घेतलेलं पांढरं कापड घालायचं. धूळ बसू नये म्हणून हो. हे कापड लक्षात ठेवा.

त्या वेळी आम्ही सी भाषा शिकवायचो. तिच्यात महिरपी कंस असतात. वर कंस उघडायचा, मध्ये दहा-वीस ओळी लिहायच्या, खाली बंद करायचा. गोठ्याच्या फाटकासारखं, उघडलं तर लावायला नको? पण मुलं उघडायची आणि विसरायची. कॉम्प्युटर बिचारा आता कंस मिटेल, मग मिटेल म्हणत शेवटापर्यंत वाचत जायचा आणि तिथं पोचल्यावर इंग्रजीत बोंब ठोकायचा, की चूक इथं आहे. इथं म्हणजे कुठं? तर शेवटच्या ओळीच्याही पुढच्या ओळीत. प्रोग्रॅम चाळीस ओळींचा आणि चूक एक्केचाळिसाव्या ओळीत.

"मॅडम, ही ओळ मी लिहिलीच न्हाई, मग तिच्यातली चूक माझी कशी?" असं एका मुलीनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, कॉम्प्युटर म्हणतोय म्हणजे असेल.

कुंदा मॅडमना मात्र या गोष्टीचा भारी राग. त्या म्हणायच्या, बैल डिंगोऱ्यात सुटला आणि दवंडी आळेफाट्याला पिटली तर तो सापडायचा कसा? चूक दाखवणाऱ्यानंच भलत्या जागी बोट ठेवलं, की शिकणारी पोर स्वतःला ढ समजायला लागते.

नुसत्या म्हणून थांबणारी बाई नव्हे ती. एका दिवाळीच्या सुट्टीत बसून मॅडमनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. मुलांचा प्रोग्रॅम आधी तो वाचायचा. कुठल्या ओळीत काय उघडलं हे ध्यानात ठेवायचा आणि मिटायचं राहिलं, तर नेमकी ती उघडलेली ओळ सांगायचा. वर तिथपासून अडलं तिथपर्यंतचा सगळा तुकडा पडद्यावर मांडून दाखवायचा. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, की कॉम्प्युटरनं दाखवलेली चूक म्हणजे देवाचा कौल, समजला नाही तर दोष आपला. या बाईनं सरळ देवालाच नीट बोलायला शिकवलं. आळेफाट्याच्या गॅरेजवर बसून. मी तर त्या दिवसापासून मनातल्या मनात त्यांच्या पाया पडत होते.

मग त्या मला म्हणाल्या, सूचनांचे शब्द तू लिही. मी दचकून म्हटलं, मी का? तर म्हणाल्या, "आपल्यात सगळ्यात घाबरट तू. घाबरलेल्या माणसाला काय ऐकायला हवं, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

टोमणा होता की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी जीव ओतून लिहिलं. पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. कंस राहिला, की माझी ही सूचना यायची:

घाबरू नका.
बाराव्या ओळीत उघडलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.
सगळं संपल्यावर हे लक्षात आलं.
धीर धरा आणि पहिल्यापासून बघा.

ओळीचा आकडा तेवढा प्रोग्रॅम भरायचा. मुलांना सूचना आवडली. कुणाचा डबा सांडला तरी "घाबरू नका, धीर धरा" म्हणायची पद्धत पडली.

आता सुनंदा. ही तळेघरची, डोंगरातली. शिकायला म्हणून डिंगोऱ्याला मामाकडे राहायची. तिचा मोठा भाऊ दत्तू आमच्या खालच्याच गॅरेजात मिस्त्री होता. सुनंदा बोलायची कमी आणि विचारायची जास्त. मॅडम घोडेगावला नवा क्लास काढणार होत्या आणि सुनंदा परीक्षा पास झाली तर तिथं शिकवायला तिलाच घेणार होत्या. घरापासून जवळ, हाताला काम. नाहीतर घरच्यांनी एक स्थळ बघूनच ठेवलं होतं. परीक्षा दुसऱ्या दिवशी दहाला. पुण्याहून परीक्षक येणार, प्रत्येकाचा प्रोग्रॅम चालवून बघणार आणि निघून जाणार.

सुनंदानं प्रोग्रॅम टाइप करून सेव्ह केला आणि चालवून बघायच्या आत लाइट गेली. तिकडे तळेघरला भातकापणी चाललेली, तिला एका रात्रीपुरतं तरी घरी जायचं होतं. ती गेली. सकाळी दुसऱ्या एसटीनं येते म्हणाली. त्या गाडीनं ती पोचणार परीक्षेच्या ठोक्याला.

दुपारी लाइट आली. मी तिचा प्रोग्रॅम चालवला. आधी सवयीनं मॅडमचा प्रोग्रॅम न लावताच, तर कॉम्प्युटर इंग्रजीत बोंबलला. मग मॅडमचा लावला, तर घाबरू नका, बारावी ओळ.

कंस मीच टाकला असता तर? पण मॅडमचा कडक नियम होता, ज्याचा प्रोग्रॅम त्यानंच दुरुस्त करायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि मॅडम गेलेल्या नारायणगावला. म्हणजे सुनंदानं पहिल्या गाडीनं यायला हवं. तिच्या घरी फोन नाही. तळेघरला फोन गेनूभाऊंच्या किराणा दुकानात, निरोप सांगितला की ते वाडीवर पोचवायचे.

मी एसटीडी बूथवर गेले. तिथल्या मीटरवर बिलाचे लाल आकडे पळताना बघितले की माझी जीभ त्यांच्या पुढं पळायला लागते. सूचना तर पाठच होती. फोन उचलल्याबरोबर मी सुरू झाले.

"हॅलो, आळेफाट्याहून बोलतेय. सुनंदाच्या घरी निरोप द्यायचाय. घाबरू नका."

पलीकडं एकदम शांत झालं. आता, 'घाबरू नका' म्हणून सुरू होणारा फोन आपल्याकडं कधी चांगल्या बातमीचा असतो का? पण हे आज कळतंय. तेव्हा मला वाटलं, माणूस लक्ष देऊन ऐकतोय. मी पुढं म्हटलं, उघडलं होतं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. सगळं संपल्यावर लक्षात आलं. धीर धरा आणि पहिल्या गाडीनं या.

"अरारारा," गेनूभाऊ म्हणाले. आणि मग आवाज खाली आणून, "किती वाजता झालं?"

"तीनच्या सुमाराला. लाइट आली आणि लगेच."

"लाइटीनं व्हय? गॅरेजपाशीच?"

"हो, तिथंच. लाइट आली नसती तर उद्यापर्यंत कळलंसुद्धा नसतं."

"जवळ कोन व्हतं?"

"मीच. एकटी."

"काय बोलला का शेवटचं?"

मी म्हटलं, बोलला, पण इंग्रजीत बोलला, मला काही उमगलं नाही.

"इंग्रजीत?" गेनूभाऊंनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "आता कुठं ठिवलंय?"

"आहे तिथंच आहे. पांढऱ्या कापडानं झाकून ठेवलंय. ज्याचं आहे ते माणूस आल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम आहे."

"बराबर हाय. पंचनाम्याबिगर हात लावूच नाय."

पंचनामा हा शब्द मला जरा जड वाटला. पण गावाकडची माणसं परीक्षेला पंचनामा म्हणत असतील, असं मी मनाशी जुळवून घेतलं. आणि शेवटी, हे ऐका, शेवटी मी बजावलं, की सुनंदाला नक्की आणा, तिनं एकदा बघायलाच हवं, आणि दहाच्या आत या, दहानंतर कुणी थांबणार नाही.

"मी समदी जुळनी करतो," गेनूभाऊ म्हणाले. "तुमीबी धीर धरा, बाई. एकल्या व्हत्या तुमी. लई अवघड असतंय."

माझे डोळे भरून आले हो. प्रोग्रॅममधल्या चुकीबद्दल आजवर कुणी माझं सांत्वन केलं नव्हतं. भीमाशंकरच्या वाटेवर, जिथं एसटीची सुद्धा वाट बघावी लागते, तिथल्या एका किराणा दुकानदाराला प्रोग्रॅमिंगबद्दल एवढी आस्था! बूथमधून बाहेर पडताना मी ठरवूनच टाकलं, की हे कुंदा मॅडमना सांगायचं. एक क्लास तळेघरलाही काढायला हवा.

वर जाऊन मी चहा घेतला. खिडकीशी बसून बिस्किटही बुडवून खाल्लं, तेही न तुटता.

ऊन उतरायला लागलं आणि गॅरेजपुढं एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून डिंगोऱ्याची दहा-बारा माणसं उतरली. पुढं सुनंदाचे मामा, गळ्यात उपरणं. मागं मामी, तोंडाला पदर. मी खिडकीतून बघत होते. दत्तू तेव्हा एका ट्रकखाली आडवा होऊन नट पिळत होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे दोन पाय. न हलणारे.

मामींनी ते पाय बघितले आणि असा हंबरडा फोडला की माझ्या हातातली कपबशी खाली. त्या धावत जाऊन त्या पायांवर पडल्या.

"कोन हाय रं तिकडं? पाय सोड की, पाना सुटंल हातातनं," ट्रकखालून आवाज आला.

मामी जागच्या जागी मागं पडल्या. दत्तू सरपटत बाहेर आला, तोंडाला काळं ऑईल, हातात पाना. सगळ्यांकडं बघून म्हणाला, "काय रं मामा, कोन गेलं?"

मामा त्याच्याकडं बघतच राहिले. मग त्याचा दंड दाबून बघितला. आणि त्यांच्या तोंडातून पहिलं वाक्य काय यावं?

"मग इंग्रजी कोन बोललं?"

मी वर खिडकीत उभी होते आणि माझ्या डोक्यात एकेक ओळ मागून पुढं उलगडत गेली. इंग्रजी. पांढरं कापड. लाइट आली आणि लगेच. सगळं संपलं. जिना कसा उतरले मला आठवत नाही. चपला वरच राहिल्या, एवढं खरं.

खाली जाऊन मी रडतरडत सांगितलं, की इंग्रजी कॉम्प्युटर बोलला. मामांनी सांगितलं ते असं: आपल्यात असली बातमी थेट घरी सांगत नाहीत. गेनूभाऊंनी आधी मामांना फोन केला, की तुम्ही जवळ आहात, तुम्ही पुढं व्हा. दत्तूला गॅरेजात शॉक लागला, डोळे उघडेच राहिलेत, जाताना इंग्रजी बोलला पोरगं. घरी आई-बापाला फक्त एवढंच सांगतो, की सकाळी पहिल्या गाडीनं आळेफाट्याला जायचंय.

दत्तू पोट धरून हसत होता. "जितेपनी यस-नो करता येत न्हाई मला, आन् मरताना येतंय व्हय," म्हणाला. टेम्पोतली माणसंही हसायला लागली. कुणीतरी चहा सांगितला. मग दत्तूचं हसू एकदम थांबलं.

"आईला कुनी बोललं असंल तर?" तो म्हणाला. "तिच्या छातीत दुखतंय, मॅडम. वाडीत एकजन बोलला तरी बास व्हईल."

मी बूथकडं पळाले. तळेघरचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. मामा मागून म्हणाले, दुकान बंद असणार. गावात कुणी गेलं तर गेनूभाऊ दुकान उघडं ठेवत नाहीत.

म्हणजे मीच मारलेल्या माणसाच्या दुखवट्यासाठी दुकान बंद, आणि दुकान बंद म्हणून तो जिवंत आहे हे कळवता येत नाही. आता याला काय म्हणाल?

एवढ्यात नारायणगावची एसटी आली आणि कुंदा मॅडम उतरल्या. मला वाटलं, नोकरी गेली. मी सगळं सांगितलं, मधूनच, शेवटून, जमेल तसं. मॅडम ओरडल्या नाहीत. माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं, स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढं सरकवल्या आणि बूथमधल्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या.

"लावत राहा," म्हणाल्या. "कुणीतरी उचलेल."

एवढंच. अशा वेळी दुसरं कुणी असतं तर आधी माझा पंचनामा केला असता. ही बाई माणसालाही तसंच वागवायची, आधी नीट उभं करायचं, चूक मागाहून.

दत्तू बूथच्या दारात उभा. "मीच बोलतो की फोनवर. म्हंजे इषयच मिटला."

"नको रे बाबा," मॅडम म्हणाल्या. "तुझा आवाज ऐकून गेनूभाऊ जातील, मग त्यांच्यासाठी दुकान बंद."

मी हसले आणि रडलेही. नंबर लावत राहिले. दिवे लागायची वेळ झाली. दत्तू पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता. मी मनात म्हणत होते, एवढी मोठी मॅडम. डिंगोऱ्यात सुटलेल्या बैलाची दवंडी नीट पिटायला शिकवते, आणि मी तिच्या नावानं जित्या माणसाची तिरडी बांधते. सुनंदाची परीक्षा तर राहूच द्या, आता ती माझं तोंड बघेल की नाही कुणास ठाऊक.

कितव्यांदा कोण जाणे, घंटी वाजता वाजता मध्येच तुटली. कुणीतरी फोन उचलला होता.

"हॅलो, गेनूभाऊ," मी ओरडलेच, "घाबरू नका..."

"मॅडम," पलीकडून सुनंदाचा आवाज आला, अगदी शांत. "बाराव्या ओळीतला कंस ना?"

तीच सांगत गेली. शेजारची काकू भाकरी-पिठलं घेऊन आली आणि म्हणाली, आज चूल पेटवू नका. आपल्या घरी कुणी गेलेलं नसताना चूल का पेटवायची नाही? सुनंदा उठली आणि तशीच गेनूभाऊंच्या घरी गेली. फोनवर आधी काय सांगितलं, मग काय, ते तिनं पहिल्यापासून एकेक वाक्य म्हणायला लावलं. 'घाबरू नका' ऐकल्याबरोबर तिला कळलं. असं फक्त आपल्या क्लासचा कॉम्प्युटर म्हणतो. प्रोग्रॅम तिला तोंडपाठ होता, मनातल्या मनात ओळी मोजल्या तर बाराव्या ओळीतला कंस उघडाच. मग त्यांना दुकान उघडायला लावून ती फोनपाशी उभी राहिली, कारण मला चैन पडणार नाही आणि मी फोन करणारच, हे तिला ठाऊक होतं. आईला काही कळलं नव्हतं, ती भात झोडून दमून निजली होती.

मी हातानंच दत्तूला खूण केली. तो मटकन पायरीवर बसला. मॅडम माझ्या कानाला कान लावून ऐकत होत्या.

"पहिल्या गाडीनं येते," सुनंदा म्हणाली. "आन् मॅडम, एक सांगू? राग नका मानू. तुमचा निरोप समदा बराबर व्हता. कुठं उघडलं, कुठं अडलं, काय करायचं, समदं. फकस्त वरची एक ओळ राहिली तुमची."

"कुठली गं?"

"कोन बोलतंय, ती."